बाकाची फळी

फळ्यावर काढलेली रेघ जरा वाकडी आली की अख्खा फळा पुसून पुन्हा सुरुवात करणारा मी मास्तर. शाळेत मुलं वैतागायची, घरात बायको. बाबा मात्र हसायचे. म्हणायचे, "मास्तर, तू धंद्यावर आला असतास तर जाळं नीट घडी करेपर्यंत मासा गुजरातेत पोचला असता." पोटच्या मुलाला ते मास्तरच म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी कधी विचारलं नाही.

बाबा डहाणूच्या खाडीतले मच्छीमार. स्वतःची तीस फुटी होडी होती. मी एकुलता एक आणि शिकलेला. शिकलो म्हणजे काय, तर समुद्राकडे पाठ करून रोज एसटीने तलासरीच्या शाळेत जाऊ लागलो. होडी पुढे चालवायला कुणी नव्हतं. एकोणीसशे नव्वदच्या आगेमागे बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी ती विकली, आणि घेणाऱ्याने दोन पावसाळ्यांनंतर ती मोडीत काढली. मोडायच्या दिवशी बाबा तिथे गेले आणि डेकची एक फळी मागून घेऊन आले. सागाची, खाऱ्या पाण्याने राखाडी पडलेली. दोन ओंडक्यांवर ती टाकून त्यांनी ओट्यावर बाक केला. चहा, विडी, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी, सगळं त्या बाकावरून चालायचं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. नजर कडेने आत आत येत चालली होती. समोरचं माणूस दिसायचं, बाजूला ठेवलेला कप लवंडायचा. खाडीत जवळ लागलेल्या होडीची पुढची नाळ बघितली की सुकाणू जायचं, सुकाणू बघितलं की नाळ. एकदा बाकावर बसून ते सहज बोलले, "अख्खी होडी बघून लई दिवस झाले."

ते ऐकून मी ठरवलं, बाबांची होडी लहान करायची. त्यांच्या उरलेल्या नजरेत नाळेपासून सुकाणूपर्यंत मावेल अशी. आणि ती नजर जायच्या आत करायची. एका फुटाला अर्धा इंच धरलं तर पंधरा इंचांची होडी. कागदावर मापं काढली तेव्हा बाबांनी प्रत्येक माप तोंडपाठ सांगितलं.

अंग चिकूच्या खोक्यांच्या पातळ फळ्यांचं केलं, कारण त्यावर रंगच बसणार होता. अडलं ते डेकपाशी. डेकला रंग नसतो, तिथे लाकूड उघडं दिसतं. मी कुठलं लाकूड आणू म्हणून डोकं खाजवत असताना बाबा उठले आणि बाकावर थाप मारून म्हणाले, "ही घे."

"मग तुम्ही बसणार कशावर?"

"घरात खुर्ची आहे ना. हिच्यावर मी जन्मभर उभा राहिलो. पायाला ओळखीची आहे."

ती फळी मी वखारीत नेली. वखारवाल्याने खिळे राहिलेत का म्हणून दोनदा हात फिरवून बघितला आणि म्हणाला, "सारुं लाकडुं छे मास्तर, शा माटे बगाडो छो?" चांगलं लाकूड कशाला वाया घालवताय, हा त्याचा प्रश्न बरोबर होता. पाव इंची पट्ट्या चिरताना निम्म्या फळीचा भुसाच झाला. उरल्या त्या पट्ट्या मी घासल्या, सरसाने एकेक करून बसवल्या. त्या थंडीत होडी पुरी झाली.

बाबांनी ती डोळ्यांसमोर धरली. मान हलवावी लागली नाही. मग अंगठा डेकवरून हळूहळू फिरवला, एकदा, दोनदा, आणि म्हणाले, "हीच." डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. इथे मी थांबायला हवं होतं. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं मनात म्हणत आलो आहे.

पण मला ती होडी बघवेना. मोठ्या फळीत शोभणारी सागाची रेघ छोट्या डेकवर चरासारखी दिसायची. खऱ्या मापात धरलं तर लाकडाचं एकेक छिद्र बोटभर रुंद. त्यावर उभा राहिलेला माणूस ठेचकाळून पडला असता. खरं लाकूड लहान केलं की खोटं दिसतं, हे मला तेव्हा कळलं आणि त्या शोधाचा मला गर्वच झाला. बायको म्हणाली, "असू दे ना, त्यांना आवडली आहे." मी पटाशी घेतली आणि डेक उचकटून काढला. पट्ट्या सरसाने घट्ट बसल्या होत्या, तुटून तुकडे झाले.

बाबा म्हणाले, "बरी होती की रे."

"महिन्याभरात नवा डेक घालतो. याहून छान."

"बरं," ते म्हणाले.

मग मी लाकडाच्या मागे लागलो. शेजारच्या वाडीत पडलेल्या चिकूची फांदी आणली. रेघ बारीक, रंग सुंदर, पण वाळताना चिरफळ्या उडाल्या. शिवणीच्या लाकडाचा तुकडा मिळाला, तो फारच गोरा निघाला. महिन्याचे चार महिने झाले. होडी कपाटावर डेकवाचून पडून होती. बाबा दर शनिवारी विचारायचे, "झाली का?" मी म्हणायचो, "लाकूड मिळत नाही." पुढे पुढे त्यांनी विचारणं कमी केलं.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत त्यांना घेऊन गेलो. माझा दंड धरून चालत होते. गडावरचा झेंडा कुठे म्हणून मी बोट दाखवलं, तर बराच वेळ शोधून त्यांनी तो पकडला आणि खूश झाले. परतताना मला एका म्हातारीपुढे लाकडी फण्या दिसल्या. पिवळसर लाकूड, रेघ दिसेल न दिसेल अशी. मी तिथेच उकिडवा बसलो आणि तिला विचारत राहिलो, झाड कुठलं, मिळतं कुठे. "हेदू," ती म्हणाली. बाबा उन्हात उभे होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, जत्रेला आणलंस की फण्या बघायला? मला डोक्यावर केस नाहीत." मी हसलो, पण उठलो नाही.

हेदू मिळायला पुढचा पावसाळा जावा लागला. ओलं लाकूड चालणार नव्हतं आणि जंगलातलं झाड तोडून आणणं मास्तराला शोभलं नसतं. तलासरीजवळच्या एका पाड्यावर एक म्हातारा शेतकरी घराची जुनी चौकट बदलत होता. चौकट हेदूची, चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं सुकलेली. त्याने एक तुकडा तसाच दिला, वर ताक पाजलं. एसटीत मी तो मांडीवर घेऊन बसलो. त्या दिवशी माझ्याएवढा सुखी माणूस तालुक्यात नसेल.

पट्ट्या चहाच्या पाण्यात बुडवून सागाचा रंग आणला. काचपेपरने इतकं घासलं की बोट घसरावं. डेक लागला आणि होडी अशी खरी दिसू लागली की बायकोही बघत राहिली. तोवर दुसरी थंडी आली होती. त्या आठवड्यात बाबांनी भर दुपारी विचारलं होतं, दिवे गेलेत का. मी ते ऐकलं होतं, आणि ऐकूनही घाई केली नव्हती.

रविवारी ओट्यावर खुर्चीत बसलेल्या बाबांच्या हातात होडी दिली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली नाही, मांडीवरच ठेवली. नाळ चाचपली, सुकाणू चाचपलं. मग अंगठा डेकवर आला आणि घसरत गेला. पुन्हा मागे आला, पुन्हा घसरला.

"छान झाली," ते म्हणाले. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. मग थोड्या वेळाने, "माझी फळी कुठे गेली रे?"

त्या क्षणापर्यंत मला ती आठवलीच नव्हती. उचकटलेले तुकडे आणि वखारीतून आणलेल्या कातरणी मी नेहमीसारख्या एका खोक्यात भरून मोरीतल्या बंबाशी ठेवल्या होत्या. तेव्हाही थंडीचे दिवस होते. सकाळी उठून बंब मीच पेटवायचो. माझ्या लेखी ते टाकाऊ लाकूड होतं. त्यावर एक माणूस जन्मभर उभा राहिला होता, त्याने ते बुडाखालून काढून मला दिलं होतं, हे मी रेघा बघता बघता विसरून गेलो होतो.

खोटं बोलावं असं वाटलं. बोलता आलं नाही. "बंबात गेली, बाबा. मागच्या थंडीत."

त्यांचा अंगठा त्या गुळगुळीत डेकवर फिरत राहिला.

"म्हणजे पाणी माझ्याच अंघोळीला तापलं," ते म्हणाले. "वाया नाही गेली."

मग त्यांनी होडी चाचपडत माझ्या मांडीवर ठेवली आणि मला आत नेऊन सोड म्हणाले. ओट्यावर बाकाचे दोन ओंडके अजून तसेच होते. जाताना बाबा त्यांतल्या एकाला अडखळले.