आतोबांची लंका आणि आत्याचं बियाणं

आमच्या आतोबांइतका चौकस माणूस अख्ख्या मुळशी पेट्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहणारे माले गावचे, चार खाचरांत भात पिकवणारे; पण जीव शेतात कमी आणि मोटारीत जास्त. त्या काळी पौडच्या पुढे दिवसातून दोनदा मोटार यायची. आतोबा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून कंडक्टरचा पिच्छा पुरवायचे. शेवटच्या थांब्यानंतर रस्ता कुठे जातो, तिथल्या विहिरीचं पाणी गोडं की मचूळ, तिथल्या बायका चुलीला कुठली माती लावतात, काय वाट्टेल ते. उत्तरानं समाधान झालं नाही तर शेवटच्या थांब्यावर उतरून पायी पुढे बघायला जायचे. माझ्या थोरल्या बहिणीच्या साखरपुड्याला आमच्याकडे बावधनला यायला म्हणून निघाले, ते झोपेत पुण्यापर्यंत गेले आणि तिथे वाईची मोटार उभी दिसली म्हणून तीत बसले. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात उगवले ते वाईची हळद घेऊन. वडील रागानं लाल झाले होते, पण आतोबांनी कृष्णेच्या घाटांचं असं काही वर्णन सुरू केलं की वडीलच मध्ये मध्ये प्रश्न विचारू लागले.

अशा माणसाला कुणीतरी सांगितलं की लंकेतसुद्धा गावोगाव मोटारी धावतात. झालं! रावणाच्या राज्यात मोटार कशी चालत असेल, या विचारानं आतोबांची झोप उडाली. दोन बोकड विकले, पुण्याला सहा खेपा घालून पासपोर्ट काढला. त्या पासपोर्टावरच्या फोटोत आतोबांचा चेहरा एका बाजूला वळलेला होता, कारण फोटोवाल्याचा पोरगा आत काय धुतोय ते त्यांना बघायचं होतं. माघात खांद्याला पडशी लावून निघाले. पडशीत एक वाकळ, एक तांब्या, एक धोतर आणि दोन पायल्या आंबेमोहोराची साळ, म्हणजे न कांडलेलं भात.

हे भात हीच त्यांची प्रवासाची युक्ती. परक्याच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, शिधा द्यायचा, ही आपल्याकडची रीत. पण तांदूळ नेला तर तो तासाभरात शिजतो आणि पाहुणा मोकळा होतो. साळीचं तसं नाही. ती वाळवायची, कांडायची, पाखडायची, मग शिजवायची. तोवर दिवस मावळतो, आणि मावळतीला पाहुण्याला ‘चला आता’ म्हणणारी बाई लंकेतही नाही, असा आतोबांचा सिद्धांत होता. मोटार जिथे वळते तिथे उतरायचं, अंगणात उखळ दिसेल ते घर गाठायचं आणि सावकाश, मोठ्या आवाजात मावळी मराठीत बोलायचं. साळ पुढे केली की बायका हसत उखळ दाखवायच्या. आतोबा स्वतः मुसळ घेऊन कांडायचे. अशी अकरा गावं त्यांनी केली, आणि एकाही ठिकाणी निजायला पैसा मोजला नाही.

चैत्रात परत आले तेव्हा हे सगळं ऐकायला अंगण भरलं होतं. आत्या दाराशी उभी राहून ऐकत होती. मुसळाचा भाग आला तशी ती म्हणाली, “हितं वीस वर्सांत मुसळाला हात लावला न्हाई तुमी.” सगळे हसले. आतोबाही हसले.

रोहिणी लागली आणि पेरणीसाठी आत्यानं बियाण्याची लहान कणगी उघडली, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. परक्या मुलखात द्यायचं ते घरातलं सगळ्यात चांगलं, म्हणून आतोबांनी साळ काढली होती ती नेमकी त्या कणगीतून. अर्धं घेतलं, अर्धं ठेवलं, तोंड शेणानं लिंपलं आणि लिंपण ओलं असतानाच वर पोती रचून निघून गेले. आत ओल धरली. उरलेलं सगळं बियाणं बुरशीनं गेलं. ते बी आत्याच्या लग्नात माझ्या आजीनं तिच्या ओटीत घातलं होतं. आमच्या घरी ते केव्हाच मोडलं होतं. त्या वासाचं भात उरलं होतं ते फक्त आत्याच्या एका खाचरात.

ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, “समदं कांडलंत?”

आतोबांचा चेहरा मला अजून आठवतो. ते म्हणाले की लंकेतल्या बदुल्ल्याला एक म्हातारी होती. तिनं साळ हुंगली, उखळ काही दिलं नाही, आणि मडक्यात घालून ती चुलीवरच्या शिंक्यात टांगली. जेवायला घातलं घरचंच. तेव्हा आतोबांना तो अपमान वाटला होता. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो, म्हणून थोडं बी परत मागणारं पत्र इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. पत्ता आतोबांनी सांगितला: मोटार वळते तिथलं फणसाखालचं घर, बदुल्ला, लंका. हे पत्र कुठल्या तरी पोस्टातल्या उंदरांच्या पोटात जाणार याची मला खात्री होती. आत्यानं त्या वर्षी ते खाचर पडीक ठेवलं. दुसरं भात लावू दिलं नाही.

फाल्गुनात पौडच्या पोस्टात पुरचुंडी आली. आत दोन ओंजळी साळ आणि गोल गोल अक्षरांची एक चिठ्ठी. आत्यानं एक दाणा सोलून चावला, डोळे मिटले आणि म्हणाली, “हेच हाय.”

बियाणं परत आलं, पण आतोबांना नवी तहान लागली. चिठ्ठीत काय लिहिलंय? मोटारीत कुणीही परका दिसला की चिठ्ठी त्याच्यापुढे. मद्रासी हॉटेलवाला, मिशनची नर्स, धरणावरचा इंजिनियर, सगळ्यांना विचारून झालं. कुणाला ती लिपी लागली नाही. चार-पाच वर्षांनी आतोबा गेले तेव्हा चिठ्ठी त्यांच्या उशाखालीच होती.

पुढे पुण्यात मला लंकेचा एक विद्यार्थी भेटला. मी धावत माल्याला गेलो आणि आत्याकडे चिठ्ठी मागितली. ती बियाण्याच्या कणगीवर लिंपण करत होती. आतोबांच्या माघारी चिठ्ठी तिनं कणगीतच घातली होती.

“कशाला वाचून घ्यायची? बी धाडलेली बाई दुसरं काय इचारंल? उगवलं का, म्हणून इचारलं असंल.”

मला ते एकदम पटलं. मी म्हणालो, “मग त्यांना का नाही सांगितलंस? जिवाला किती लागलं होतं त्यांच्या.”

लिंपणावरून तिचा हात फिरत राहिला. “मोटारीतल्या समद्यांस्नी इचारलं त्येंनी,” ती म्हणाली. “मला कुटं इचारलं?”

त्याच दिवशी मी बदुल्ल्याच्या त्या फणसाखालच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. उगवलं, एवढंच लिहिलं, आणि खाली नाव आत्याचं घातलं.