इरलं कसं वाटलं?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पावसाळ्यात दाराआड छत्र्या साचतात तसे ते साचत जातात. एखाद्या दिवशी दार लावायला जावं तर ते लागतच नाही, आणि मग कळतं की केवढा ढीग झालाय! बिरवाडीच्या आमच्या चहाच्या टपरीवर असा एक ढीग आहे. त्यातले निम्मे किस्से एकट्या विलासच्या इरल्याचे.

विलास माझा रूम पार्टनर. मोबाईल यायच्या आधीचे दिवस. मी एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो आणि तो प्लॅस्टिकच्या शीट काढणाऱ्या कारखान्यात मशीनवर. त्याचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरची एक वाडी. तिथल्या बायका भाताच्या लावणीला इरलं घेऊन जायच्या. ज्यांनी इरलं पाहिलं नसेल त्यांना सांगतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकते, वाकून रोपं लावताना दोन्ही हात मोकळे राहतात. विलासचे वडील, आबा, निम्म्या वाडीला इरली विणून द्यायचे.

"पानं दरसाल कुजतात. प्लॅस्टिक कुजत नाही," विलास एक दिवस म्हणाला. "घडी होणारं इरलं काढतो. काखेत मारलं की चाललं!"

आणि गड्याने नोकरी सोडली. त्याचे साहेब भले होते. म्हणाले, "लावणी संपेपर्यंत तुझी जागा ठेवतो. त्यानंतर आलास तर चहा पाजीन, जागा नाही देणार."

म्हणजे त्या एका लावणीत विलासला ठरवायचं होतं, धंदा करायचा की मशीनवर परत जायचं. त्यासाठी त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. तोच प्रश्न तो दिसेल त्याला विचारत सुटला : "कसं वाटलं? खरं सांगा हं!"

* * *

पहिली टेस्ट आमच्या खोलीत झाली. विलास नवं निळं प्लॅस्टिकचं इरलं पाठीवर घेऊन लावणीला वाकल्यासारखा वाकला, मी खाटेवर उभा राहून वरून मगाने पाणी ओतू लागलो. एक बादली संपली, दुसरी संपली. विलासची पाठ कोरडी ठणठणीत! बाकी खोलीत कोरडं असं काही उरलं नाही.

तेवढ्यात घरमालकीण काकू दारात आल्या. विलासने वाकलेल्या अवस्थेतच मान वर करून विचारलं, "काकू, कसं वाटलं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मगाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या खोलीखाली आमचा देव्हारा आहे."

आम्ही आपलं टेस्ट पास झाल्याचं धरून चाललो.

* * *

मग विलासने वाडीत घरटी एक इरलं वाटलं. फुकट. "वापरा आणि मत सांगा." आठ दिवसांनी आम्ही मतं गोळा करायला गेलो. पहिल्या घरात "मस्तच हाय." दुसऱ्या घरात "लय बरा हाय." तिसऱ्या घरात मत नाही, पण पोहे मिळाले. चौथ्या घरात पुन्हा मस्तच.

विलास हवेत! मी म्हटलं, "अरे, पण शेतात एकही दिसत नाही."

त्याच्या चुलतीच्या घरी उलगडा झाला. इरलं भिंतीवर, देवांच्या फोटोंच्या रांगेत खिळ्याला टांगलेलं. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं एक फूल.

"काकी, हे वापरायचं असतं गो!"

"येडा का काय तू?" काकी म्हणाली. "आपल्या पोरानं बनवलेली वस्तू. ती चिखलात न्यायची?"

* * *

विलासची ताई नाते गावात दिलेली. तिलाही एक इरलं पाठवलेलं. तिच्याकडे खऱ्या मताची खात्री होती, कारण लहानपणापासून ताई त्याला तोंडावर बोलत आलेली. पण ती दारातच म्हणाली, "सासूबाईंना विचार. आमच्याकडे त्याच वापरतात."

विलासचे डोळे चमकले. वापरतात! अखेर कुणीतरी वापरतंय!

सासूबाई आम्हाला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. आमचं इरलं तिथे जमिनीवर पालथं घातलेलं. त्यांनी कडा उचलून दाखवली. खाली कोंबडी अंड्यांवर बसलेली, आमच्याकडे रागाने बघत होती.

"हिला लय आवडलं," सासूबाई म्हणाल्या. "उठायला बघत नाय."

परतताना एसटीत विलासने दोन तिकिटं काढली. मग म्हणाला, "एक तरी खरं मत मिळालं."

* * *

महाड बाजारात छत्र्या, ताडपत्र्या, गमबूट विकणारे एक शेठ होते. आम्ही दोघं नमुना घेऊन गेलो. शेठनी घडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि समोरच्या हॉटेलाकडे बघून तीन चहा सांगितले.

"शेठ, कसं वाटलं?"

"चहा घ्या."

चहा झाला. विलासने परत विचारलं. शेठनी आणखी तीन सांगितले! तिसऱ्या वेळी मी मध्ये पडलो. "शेठ, चहा पुरे. खरं काय ते सांगा."

शेठ हसले. "हे बघा, चांगलं म्हटलं तर उद्या दुकानात गठ्ठा आणून टाकाल. वाईट म्हटलं तर हा पोरगा रात्री जेवायचा नाही. म्हणून मी चहा सांगतो."

आजही आमच्या टपरीवर कुणी कठीण प्रश्न विचारला की दुसरा ओरडतो, "तीन चहा!"

* * *

आता अक्कल माझी. आमच्या कंपनीत सूचनापेटी होती. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. मी म्हटलं, लोकांना तोंडावर बोलता येत नाही, पेटीत तरी बोलतील. वाडीच्या देवळात कुलूप लावलेला डबा ठेवला. वर लिहिलं : इरल्याबद्दल खरे मत टाका. नाव नको.

डबा भरला! आम्ही देवळाच्या पायरीवर बसून चिठ्ठ्या उघडल्या. 'एसटी वेळेवर सोडा.' 'विहिरीवर लाईट पाहिजे.' 'मास्तर शनिवारी येत नाहीत.' इरल्याबद्दल अवाक्षर नाही.

तळाशी एक चिठ्ठी निघाली, वळणदार अक्षरातली. 'विलासचं लग्न करा.'

विलास हसला, पण मला त्याचं वाईट वाटलं. अख्ख्या वाडीचा त्याच्यावर जीव होता, आणि त्या जीव लावण्यानेच त्याची वाट अडवली होती. खरं मत मागणं म्हणजे समोरच्याला पेचात टाकणं असतं, हे मला त्या पायरीवर कळलं. परका असता तर लोकांनी दोन मिनिटांत वाटेला लावला असता. आपल्या पोराला कोण सांगणार? आणि लावणी तर अर्ध्यावर आली होती.

* * *

एका रविवारी मी विलासबरोबर वाडीवर होतो. पाऊस धो धो. भाताच्या खाचरात बायकांची रांग वाकलेली, सगळ्यांच्या पाठीवर आबांनी विणलेली पानांची इरली. आणि रांगेच्या टोकाला एक निळं! आमचं! त्याच वर्षी लग्न होऊन आलेली सुनंदावहिनी ते घेऊन लावणी करत होती.

दुपारी भाकरीला बायका बांधावर आल्या तसा विलास धावलाच. "वहिनी, तुम्ही रोज वापरता?"

"रोज!"

"कसं वाटलं? खरं सांगा."

वहिनीने मागे वळून सासू लांब असल्याची खात्री केली. मग हळूच म्हणाली, "भावजी, लय गुणाचं हाय. पाऊस पडला की वर असा तडतडा वाजतो, की सासूबाई बाजूला उभं राहून कायबी बोलू दे, एक शब्द कानात येत नाय!"

आम्ही पोट धरून हसलो. विलासही हसला. पण खाली उतरताना मी बघत होतो, तो पुढे पुढे चालला होता.

कारण लावणी म्हणजे नुसतं काम नाही. कुणाची पोर माहेरी आली, कुणाचं कुठे जमलं, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं त्या रांगेत वाकल्या वाकल्या बोललं जातं. मधेच एखादी गाणं धरते, बाकीच्या उचलतात. पानांवर पाऊस पडला तर आवाज फारसा होत नाही. आमच्या खोलीत मगाने पाणी ओतताना आम्ही फक्त पाठ कोरडी राहते का ते बघितलं. ऐकायचं काही तिथे नव्हतंच.

"एका बाईचं मत आहे," विलास पोलादपूर स्टँडवर म्हणाला. "बाकीच्यांना तसंच वाटत असेल कशावरून?"

"मग आबांना विचार."

अख्ख्या वाडीत त्याने फक्त आबांनाच विचारलं नव्हतं. आबा म्हणजे भर कीर्तनात बुवांना "आवाज बसलाय, उद्या या" सांगणारा माणूस. पोराने नोकरी सोडल्यापासून ते त्याच्याशी कामापुरतंच बोलत. इरलं हातात दिलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पडवीच्या खांबाला अडकवलं आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. विलासला त्यांच्या उत्तराची भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर मलाही.

* * *

लावणीचा शेवटचा दिवस. उरलं होतं विलासच्या घरचं एक खाचर आणि पलीकडे सुनंदावहिनीच्या घरचं एक. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस असा लागला होता की समोरचा डोंगर दिसत नव्हता. विलासने एकदम माझा दंड धरला.

"घातलंय रे!"

आबा एकटेच खाचरात वाकून रोपं लावत होते. पाठीवर निळं इरलं.

विलासच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पावसातही ओळखलं. तो बांधाच्या टोकापर्यंत गेला आणि ओरडला, "आबा! कसं वाटलं?"

आबा लावतच होते.

"आबा! खरं सांगा! पुढं बनवू का सोडून देऊ?"

पलीकडच्या खाचरातल्या बायका वाकलेल्या उठून उभ्या राहिल्या. सुनंदावहिनीच्या सासूने मान वळवली. आबा एकेक रोप चिखलात खोचत मागे सरकत होते.

"कामावर परत जाऊ का, आबा?"

हे तो इतक्या जोरात ओरडला की त्याचा आवाज फाटला. मग मीही ओरडलो. पलीकडून बायकाही ओरडल्या, "ओ आबा!"

ओळ संपली तसे आबा दुसरी जुडी घ्यायला वळले. तेव्हा त्यांना आम्ही दिसलो. हात हलतायत, तोंडं हलतायत. त्यांनी हातातली रोपं चिखलात टेकवली. दोन्ही हातांनी इरलं डोक्यावरून काढलं, वाऱ्याने उडू नये म्हणून बांधावर नीट पालथं घातलं, कडेवर एक दगड ठेवला. आणि भर पावसात उघड्या डोक्याने उभं राहून पोराला म्हणाले,

"हां. आता बोल रे. काय म्हणत व्हतास?"