चौऱ्याऐंशी नंबरचं घर

फरगाना खोऱ्यातल्या तालुक्याच्या गावी, कोर्टाच्या फाटकासमोर, मस्तुरा एकोणीस वर्षं मटणाचे समसे, म्हणजे तंदुरात भाजलेले समोसे, विकत होती. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा तिचा तंदूर तीनच दिवस थंड राहिला. कोर्टातले कारकून, वकील, शिपाई सगळे तिची गिऱ्हाइकं. आणि त्याच कोर्टात तिचं घर गेलं, हे तिला कळलं ते अंगणात मोजणीदार टेप घेऊन उभे राहिले तेव्हा.

"आपा, घर आता तुमच्या दिराचं," त्यातला एक म्हणाला. "भावाच्या घरावर त्यांनी दावा लावला, कोर्टाने तीनदा समन्स काढलं, तुम्ही आलाच नाहीत. एकतर्फी निकाल लागला."

मस्तुरा तशीच पिठाच्या हातांनी कोर्टात शिरली आणि फाइल मागून घेतली. दीर एर्गशने तिचा म्हणून भलताच पत्ता दिला होता: नदीकाठची गल्ली, घर चौऱ्याऐंशी. तिन्ही पाकिटांवर एकच शेरा: 'घेण्यास नकार'.

"मी नकार दिला? कुणाला?" ती कारकुनावर कडाडली. "काल कांदा कमी पडला म्हणून माझ्याशी भांडलास, तेव्हा बरी सापडले तुला!"



संध्याकाळी एर्गश आला. "वहिनी, घरातलं घरात मिटवू. एक खोली ठेव तुला. लोक हसतील."

"हसू देत. माझ्याच घरातली खोली मला देणारा तू कोण? चालता हो."

तिने निकाल रद्द करायचा अर्ज टाकला आणि साक्षीला नेलं बुरुलला, नदीकाठी टपाल वाटणाऱ्या किरगीझ बाईला.

"साहेब, त्या गल्लीत बावन्न घरं," बुरुल म्हणाली. "पुढे नदीच आहे."

न्यायाधीशांनी समन्स नेणाऱ्या माणसाला उभं केलं. "नकार कुणी दिला? बाई की बुवा?"

 तेव्हा माणूस कबूल झाला: तो गल्लीत गेलाच नव्हता, एर्गशने सांगितलं तसं लिहून मोकळा झाला होता.

निकाल रद्द झाला. समन्स नेणाऱ्याची नोकरी गेली, खोट्या पत्त्याबद्दल एर्गशला दंड बसला आणि दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. सात तारखा पडल्या, मस्तुराने एकही चुकवली नाही. वसंतात घर तिच्याकडेच राहिलं.

पुढे नात्यातल्या एका लग्नात एर्गश छातीवर हात ठेवून सलाम करायला आला. मस्तुराने पाठ फिरवली आणि शेजारणीला म्हणाली, "चहा ओत गं, गार होतोय."