पायथ्याचा चुना

तळ्याकाठचा दीपस्तंभ बांधायला निघताना गवंड्याने बायकोला सांगितलं होतं, दोन वर्षांत परत येतो. बुरूज उभा राहिला, वर दिवाही लागला. तेव्हा साहेब म्हणाले, "रखवालदार मिळेपर्यंत तुम्हीच थांबा. इथला दगड न् दगड तुमच्या ओळखीचा."

त्याला एकोणीस वर्षं झाली. बायकोही तिथल्या गोल खोलीत राहायला आली होती. त्या खोलीत कपाटसुद्धा भिंतीला धड टेकत नसे. बदलीच्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर येई: तळ्याचं पाणी पायथ्याचा चुना खातं आणि तो नीट भरणारा दुसरा कोणी नाही.

"मग एकदा कच्चा भरा की," बायको म्हणाली. "काम बिघडलं की तेच काढतील आपल्याला."

त्या उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर त्याने खरंच चुन्यात वाळू जास्त घातली. दोन सांधे भरले, पण तिसऱ्याला हात धजेना. मग दुपारभर तो तेच दोन सांधे खरवडत बसला.

बायको खाली आली. तिने चांगल्या चुन्याचं घमेलं त्याच्यापुढे ठेवलं.

"रागावलीस?"

"रागावून जाऊ कुठे?" असं म्हणत तिने थापी त्याच्या हातात दिली.