टाकीच्या झाकणाखाली

मंगळवार. काम एकच: गाडी मधेच ओढेनाशी का होते, ते शोधणे. बुधवारी यांना डायलिसिसला न्यायचं होतं आणि घाट चुकणार नव्हता.

आमची जुनी डिझेल गाडी चढावर दम सोडते, थोडं थांबलं की पुन्हा नीट चालते. गॅरेजमध्ये तर तिला काहीच होत नाही. “वहिनी, माझ्यासमोर बंद पडू दे, मग बघतो,” मिस्त्री म्हणाले. हेही डॉक्टरांसमोर ताठ बसतात. घरी आल्यावर चप्पल काढायला वाकवत नाही. सतत दुखणाऱ्याला निदान नाव तरी मिळतं. अधूनमधून उठणारं दुखणं कुणाला खरं वाटत नाही.

शेवटी घराच्या चढावर तिने दम सोडताच मीच टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घट्ट बसवलेली होती. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून इंजिनाला डिझेल पोचत नव्हतं.

“हे कुणी केलं?”

“मी,” हे म्हणाले. “डिझेलच्या वासाने मळमळतं. तुला कशाला ताप?”

“आणखी काय काय सांगितलं नाहीत?”



दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी फेकली आणि निघालो. गाडी घाट न अडखळता चढली. माथ्यावर हे हळूच म्हणाले, “रात्री छातीतही दुखतं.”

मी गाडी थांबवली नाही. वेग वाढवला.