पाठमोरा पोरगा

शांताबाई गेली, ही बातमी मला लोधीखेड्याच्या बस स्टँडवर मिळाली. पांढुर्ण्याहून आलेल्या मोटरच्या कंडक्टरने खिडकीतूनच हाक मारली, "मॅडम, तुमच्या बाई गेल्या सकाळी, काविळीनं. तुमच्या भाऊजीनं सांगाले लावलं." मोटर पुढे निघूनही गेली. उलट जाणारी मिळायला तासभर लागला, आणि तो तासभर मी भाऊजींवर, तिच्या नवऱ्यावर, चिडत बसले. कावीळ झाली होती तर आधी का नाही कळवलं, नागपूरला का नाही नेलं... रडू यायच्या आधी मला राग येतो, तो असा कुणावर तरी निघतो.

शांताबाई माझी सख्खी मोठी बहीण. माणूस गेलं की लोक त्याला देवमाणूस करून टाकतात. मी नाही करणार. बाई भांडखोर होती. भाजीवालीशी भांडे, नळावर भांडे, मी माहेरपणाला गेले तर माझ्या साडीच्या रंगावरून भांडे. "मास्तरीण झाली म्हनून काय असे कपडे घालशीन?" पण तिचा संजू समोर आला की ही बाई विरघळून जायची. एकुलता एक पोरगा. आठवीत नापास झाला तेव्हा भाऊजींनी त्याला भर चौकात, त्याच्या दोस्तांसमोर थोबाडीत मारली. भाऊजी नगरपालिकेत नोकरीला, तोंडाने गरीब माणूस, त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे. संध्याकाळी संजू नागपूरच्या गाडीत बसला. नागपूर स्टेशनावर गावातल्या एकाने त्याला मुंबईच्या गाडीत चढताना पाहिलं. बस्स, त्यानंतर काही नाही. पोलीस झाले, जामसांवळीच्या मारुतीला नवस झाले. बाई सुकत गेली, पण भांडायची थांबली नाही. फक्त आता सगळी भांडणं भाऊजींशी.

दोन-तीन वर्षांनी पांढुर्ण्याच्या टॉकीजला एक सिनेमा लागला. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या पोरांचा. गाणी नाहीत, मारामारी नाही, म्हणून खुर्च्या रिकाम्या. शेजारणीने बाईला ओढत नेलं. त्यात पोलीस पोरांना हुसकावतात असा एक प्रसंग आहे. सगळी पोरं पळतात, एक मागे थांबतं, गोटा उचलतं, भिरकावतं आणि लगेच दोन पावलं आडवं सरकतं. पाठमोरंच. बाई टॉकीजमध्ये उभी राहून ओरडली, "संजू!"

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण जाम नदीच्या काठचं पोरगं लहानपणापासून गोटमार पाहत वाढतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा इकडून, सावरगाव तिकडून, नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. गोटा मारला की सरकावंच लागतं, कारण समोरून उलटा येणारच असतो. बाईचं म्हणणं एवढंच, "मुंबईत उलटा गोटा कोन मारून राहिलं होतं वं? मंग तो सरकला काहून? सांग ना!" खरं सांगू, पुढे मी तो सिनेमा पाहिला तेव्हा मलाही तो संजूच वाटला.

तोंड मात्र दिसत नव्हतं. पोरगं सरकतं, मान वळायला लागते आणि पडदा एकदम दुसऱ्याच रस्त्यावर उडी मारतो. गावोगाव फिरून रीळ तिथे तुटलेलं, कापून जोडलेलं. बाई रोज जाऊन बसू लागली. ऑपरेटरने समजावलं, "मावशी, तेवढा तुकडाच गेला हाय. तो पोरगा काही पलटनार नाई." तरी ही बसे. सिनेमा उतरला आणि सौसरला लागला, तेव्हा मला निरोप आला, सौसरला ये. तिथल्या टॉकीजमध्ये धडकं रीळ असेल, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. सिनेमाच्या पत्र्याच्या पेट्या आदल्या दिवशी पांढुर्ण्याच्याच मोटरने टपावर बसून आल्या होत्या, हे तिला कोण सांगणार? आम्ही दोघी शेजारी बसलो. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. पोरगं सरकलं, मान वळली... आणि तीच उडी.

मग तिने मुंबईचा हट्ट धरला. "चाला ना हो, ते सिनेमावाले सांगतीन तो कुठं राह्यते." भाऊजी म्हणत, "तो संजू नोहो. पाठ पाहून मुंबई धुंडू काय?" वर्षानुवर्षं हेच. शेजारणीने मला नंतर सांगितलं, शेवटच्या दुखण्यात तिचे डोळे पिवळे झाले होते, तरी ती हेच मागत होती आणि भाऊजी भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. त्याच ध्यासात ती मेली. कुणाचंही समाधान झालं नाही, तिचंही नाही, आमचंही नाही.

तेरवी आटोपल्यावरच्या रविवारी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. शेजारच्यांकडे मी आणि भाऊजी जाऊन बसलो. पोरगं गोटा मारून सरकलं आणि या वेळी पडदा उडाला नाही. ते पळण्यासाठी वळत होतं, म्हणून सरकलं होतं. तोंड पूर्ण दिसलं. बसकं नाक, पुढचा दात तुटलेला, खदाखदा हसणारं... कुणाचं तरी दुसऱ्याचंच पोरगं. वाटलं, बरं झालं, बाईने हे पाहिलं नाही.

सकाळी उठून पाहते तर त्यांनी बाईची पेटी उघडलेली. आत सदरे होते, घडी न मोडलेले, दर पोळ्याला शिवलेले, एकापेक्षा एक मोठे. शेजारच्या संजूएवढ्या पोराला टेलरपुढे उभं करून ती माप देत असे, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. भाऊजींनी सगळ्यांत मोठा सदरा काढून पिशवीत घातला.

"कुठं निघाले?"

"मुंबईले."

"भाऊजी, तो आपला संजू नव्हता हो."

"मालूम हाय मले, पाह्यलं ना मी." ते पिशवीचं तोंड बांधत राहिले. "संजू भेटला तं त्याले. नाही तं ज्याच्या अंगाले येईन, त्याले घालून देईन."