कलम एकोणतीस

नोंदणी कचेरीच्या पायरीशी टेबल टाकून बसणाऱ्या गृहस्थांना सगळे कलमकाका म्हणायचे. तीस वर्षं भाडेकरार लिहीत होते, आणि खोड अशी, की एकदा घातलेलं कलम काढायचं नाही. कुणाचं भांडण झालं की एक कलम वाढायचं. असं करता करता त्रेचाळीस झाली! लोक शेवटच्या पानावर सही ठोकायचे नि चहाला जायचे. वाचतंय कोण? काकांनी तरी कुठे वाचलं होतं!

लेकीला खोली मिळाली, तेव्हा करार अर्थातच काकांनी लिहिला. आणि नशीब बघा, घरमालकीण निघाली निवृत्त शिक्षिका. बाईंनी करार वाचला. सगळा! तीस वर्षांत असं आक्रीत घडलं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी सहाच्या ठोक्याला बाई दारात. "चला, बाहेर. कलम एकोणतीस. सदर जागेत सायंकाळी सहानंतर कोणतीही व्यक्ती थांबणार नाही, माल मात्र थांबेल."

हे कलम कधीकाळी कुठल्याशा गोदामासाठी घातलेलं. आता पलंग माल, म्हणून तो आत. मांजर व्यक्ती नव्हे, तीही आत. सातवा महिना लागलेली लेक आणि जावई बाहेर! बाई काही दुष्ट नव्हत्या हो, त्यांनी दाराबाहेर खुर्च्या मांडल्या, चहा दिला. पण सही केली म्हणजे केली.

आठवडाभर दोघं रोज संध्याकाळी गाठोडं घेऊन काकांकडे झोपायला. आठव्या दिवशी लेकीचे पाय सुजले. "बाबा, बाळालाही रोज सहाला बाहेर काढायचं का?" म्हणून ती रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीला घेऊन ते तणतणत खोलीवर गेले, तिला पलंगावर बसवलं नि बाईंना बोलावलं. "अहो, ती कलमं नुसती असतातच!"

"नुसती? बरं, अठरावं मला समजावून सांगा."

काकांनी चष्मा चढवला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. वाक्य कुठे सुरू होतंय नि कुठे संपतंय, काही हाती लागेना. "मला नाही कळत, बाई," ते शेवटी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या लिखाणाची लाज वाटली.

"मग कळेल असं लिहा." बाईंनी वहीचं पान फाडून दिलं.

त्रेचाळीस कलमं तोंडपाठ, पण पहिली ओळ सुचेना. 'सदर' लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग लिहिलं: "ही खोली या दोघांना राहायला दिली आहे. दिवसाही आणि रात्रीही." भाडं किती, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, ते दोन ओळींत उरकलं. बाईंनी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि सही करायला पेन टेकवलं.

"थांबा, एक राहिलं." काकांनी कागद ओढला नि खाली लिहिलं: "बाळ आलं की तेही इथेच राहील."

बाईंना वाईट वाटलं. "हे काय लिहायला हवं होतं? मी बाळाला बाहेर काढलं असतं का?"

"गेला आठवडा त्याला रोज बाहेर काढताय, बाई. आणि ते माझ्याच अक्षरात."

बाईंनी सही केली. घड्याळात सहा वाजले. लेक पलंगावरून उठली नाही.